भंडारा जिल्ह्यात बसून समुद्रातलं तेल शोधलं, त्याची गोष्ट

परवा आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. "ताई, मला रडारचा विषय मिळालाय. सॉफ्टवेअर उघडलं की लॅपटॉपच झोपतो. विषय बदलून मागू का?" तासभर बोललो, तरी निम्मं सांगायचं राहिलं. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी कुणी असतील तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात मी एमएस्सीचा प्रबंध केला. विषय होता, उपग्रहावरच्या रडारच्या चित्रांतून समुद्रात सांडलेलं तेल ओळखणं. कॉलेज नागपुरात, पण आई बांधावरून घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि मी होस्टेल सोडून साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी आले. बहुतेक सगळं काम तिथंच झालं. सगळ्यात जवळचा समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. (अजूनही नाही. ते राहूनच गेलं.)

विषय मी निवडला असं म्हणणं खोटं होईल. आईच्या दवाखान्यात धावपळ चालू होती, तेवढ्यात विषयांची यादी लागली. गोसीखुर्दचं पाणी, धानाचं क्षेत्र, नवेगावचं जंगल हे सगळं मुलांनी उचललं होतं. बाजार उठताना गाडीवर जी भाजी उरते तसा हा एक विषय उरला होता. सर म्हणाले, "घे, कुणी केलेला नाही. व्हायवाला जास्त प्रश्न विचारता येणार नाहीत." व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली, तेव्हा हे साफ खोटं निघालं.

पहिली चूक लगेच केली. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली होती. चित्रा कलंडलं, तेल सांडलं, किनाऱ्यावर आलं. महाराष्ट्रातला अपघात, मराठीत बातम्या भरपूर, म्हणून मी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, त्याच्यावरच लिहिला. ९ ऑगस्टला दिला. समास दीड इंच नाही म्हणून परत आला. समास नीट केला, तर विभागप्रमुखांच्या सहीखाली तारीख नव्हती, पुन्हा परत. दर खेपेला साकोली ते नागपूर एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभावलं, पण दिवस तर पूर्णच जातो. शेवटी २ सप्टेंबरला आवक क्रमांक पडला.

आणि ४ सप्टेंबरला कळलं की मी ज्या युरोपच्या सेंटिनल-१ उपग्रहाची चित्रं वापरणार होते, तो वर गेला ३ एप्रिल २०१४ ला. अपघाताच्या वेळी तो आकाशात नव्हताच. मी अर्धा तास नुसती स्क्रीनकडे पाहत बसले. मग शीर्षक बदलण्याचा अर्ज, पाचशे रुपयांचं चलन, हमीपत्र, आणि पुन्हा त्याच दोन सह्या. त्यामुळे पहिली गोष्ट ही की सिनॉप्सिस लिहिण्याआधी कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या साइटवर जा, मोफत खातं काढा, नकाशावर चौकोन काढा, तारीख टाका आणि चित्र आहे का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. चित्र असलं तरी ते नेमक्या दिवसाचं असेलच असं नाही. हा उपग्रह त्याच जागेवर, त्याच वाटेने, बारा दिवसांनी येतो. मी काम केलं तेव्हा एकच चालू होता. त्याआधी दोन होते, तेव्हा सहा दिवसांनी चित्र मिळायचं. त्यातला १बी २०२१ च्या डिसेंबरात बंद पडला. तेल बारा दिवस तुमची वाट बघत थांबत नाही.

नवं शीर्षक सरांनीच सुचवलं. सरावासाठी चेन्नईजवळचं एन्नोर आणि खऱ्या कामासाठी मुंबईच्या पश्चिमेचा, मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या आसपासचा समुद्र. एन्नोरला २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे बीडब्ल्यू मेपल आणि डॉन कांचीपुरम ही जहाजं धडकली होती. तिथं तेल होतं हे जगाला माहीत आहे. लोक बादल्यांनी काळा चिखल उपसतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. सर म्हणाले, "जिथं उत्तर माहीत आहे तिथं आधी हात बसव." हा सल्ला सोन्याचा होता.

आता इंटरनेटचं. सेंटिनल-१ चं एक चित्र साधारण एक जीबीचं असतं. माझ्या रिचार्जला रोज दीड जीबी मिळायचा, तोही जुलैमध्ये महागला होता. म्हणजे दिवसाला एक चित्र, आणि मग आईने व्हिडिओ कॉल मागितला तर "उद्या". टॉवर आमच्या गावात एकच, तोही तलावाच्या पलीकडे. रात्री साडेबारानंतर बरा वेग मिळतो हे तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी बारा वाजता कोटा नवा झाला की डाउनलोड लावून झोपायचे. दोनदा पहाटे चारला लाइट गेली, राऊटर म्हणून ठेवलेला फोन उतरला आणि ९१ टक्क्यांवरचं डाउनलोड शून्यावर आलं. मग डाउनलोड मॅनेजर टाकला, जो तुटलेलं तिथूनच पुढे ओढतो. हे पहिल्याच दिवशी करा.

लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. स्नॅप नावाचं सॉफ्टवेअर युरोपच्या अवकाश संस्थेचं, फुकट आणि चांगलं, पण खादाड. पूर्ण चित्र उघडून एखादी पायरी चालवली की पंखा थ्रेशरसारखा ओरडायचा. ऑक्टोबरात साकोलीतून आणखी ८ जीबीची पट्टी टाकून घेतली, १,९०० रुपये. प्रबंधावरचा माझा सगळ्यात उपयोगी खर्च तोच. त्याच्या जोडीला एक सवय लावून घ्या, ती फुकट आहे. पहिल्यांदा चित्र कापा. अडीचशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातलं तुम्हाला हवं ते साठ-सत्तर किलोमीटरचंच असतं. कापलं की चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत होतं. आणि प्रत्येक पायरीनंतर सेव्ह करा, कारण लाइट तुमचं बघून जात नाही.

पायऱ्या अशा होत्या: कक्षेची अचूक माहिती जोडणं, यंत्राचा स्वतःचा गोंगाट काढणं, कॅलिब्रेशन म्हणजे आकडे प्रमाणित करणं, मग स्पेकल म्हणजे रडारच्या चित्रावर मिठासारखे दिसणारे ठिपके सौम्य करणं, जमीन झाकणं, आणि मग स्नॅपमधलं तेल शोधायचं साधन चालवणं. जमीन झाकताना ते सॉफ्टवेअर उंचीचा नकाशा इंटरनेटवरून ओढतं. नेट नसलं की काहीतरी अगम्य एरर देतं आणि आपण आपलं काय चुकलं ते शोधत दोन दिवस घालवतो. मी घालवले.

तेल शोधायचं साधन दिसायला फार हुशार वाटतं. करतं एवढंच की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याभोवती, म्हणजे पिक्सेलभोवती, एक चौकोन धरतं, मी ६१ ठिपक्यांचा धरला होता, त्या चौकोनाची सरासरी काढतं, आणि मधला ठिपका सरासरीपेक्षा ठरावीक डेसिबलने (इथं हे परत आलेल्या लहरीच्या ताकदीचं माप) काळा असला की त्याच्यावर खूण करतं. मी २ डेसिबल ठेवलं होतं. एन्नोरच्या चित्रावर चालवलं आणि लाल खुणा बघून मला आनंद झाला. किनाऱ्याला धरून डाग होते. मग लक्षात आलं, समुद्रात आतवरही होते, बंदराच्या भिंतीच्या आडही होते, आणि जिथं काही घडलं नव्हतं अशा उत्तरेलाही होते. साधनाला काळं कळतं. तेल कळत नाही. पुढचे चार महिने माझे या एका गोष्टीत गेले.

पुस्तकातलं मला पाठ होतं. रडार स्वतः लहरी सोडतं, म्हणून त्याला रात्र आणि ढग आडवे येत नाहीत. सेंटिनल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरची. ती तिरपी येऊन पाण्यावर पडते आणि चार ते सहा सेंटिमीटरच्या बारीक लाटांवरून परत फिरते. तेलाच्या पापुद्र्याने त्या बारीक लाटा दबतात, लहर आरशावरून निसटावी तशी पुढे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून तिथं काळं दिसतं. लिहून दिलं असतं तर पूर्ण मार्क. पण चित्रासमोर बसलं की काही सुचत नव्हतं.

ते सुचलं आमच्या गावच्या तलावावर, नोव्हेंबरात, धान कापणी चालू असताना. आमच्याकडे मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव, आहेत हे सांगायला नको. मामा मच्छीमार संस्थेत आहे, सकाळी डोंग्यातून जाळी काढायला जातो. मी घरात बसून चिडचिड करते म्हणून आईनेच मला त्याच्यासोबत हाकललं. उन्हं वर आली होती, मंद वारा होता, सगळ्या पाण्यावर बारीक सुरकुत्या. काठाशी कुणीतरी डिझेल इंजिन लावून पाणी उपसत होतं. त्याच्याजवळून पाण्यावर एक गुळगुळीत पट्टा निघाला होता, हातभर रुंद, आणि वाऱ्याच्या दिशेने लांब गेलेला. दोन्ही बाजूंनी सुरकुत्या, मध्ये काचेसारखं. कड अशी की जणू इस्त्री फिरवलीये.

"मामा, हे काय?"

"डिजल गळून राह्यलं त्याचं. तेल पडलं का पानी निजते."

मी डोंग्यातच उभी राहिले, मामा ओरडला. इतके महिने जे इंग्रजीत वाचत होते ते हे होतं. पाणी निजतं. मी फोनमध्ये फोटो काढला, तो प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. सर म्हणाले होते काढून टाक, मी काढला नाही.

पण खरी शिकवणी पुढे झाली. मी उत्साहाने बोट दाखवलं, "तिकडेही तेल आहे!" काठाच्या बेशरमाच्या झुडपांआड मोठा गुळगुळीत तुकडा होता. मामा हसला. "तिथं वारा पोचत नाही ना, बाई." मग शिंगाड्याच्या वेलांजवळ आणखी एक. "ते वेल धरून ठेवते पानी." मग तलावाच्या मधोमध एक पट्टा, त्याच्याबद्दल मामाही म्हणाला, "वारा तिथं उतरलाच नसंल." आणि तासाभराने वारा पूर्ण पडला तेव्हा सगळा तलाव काच झाला. त्यात डिझेलचा पट्टा कुठे गेला ते मामालाही सांगता येईना. दुपारी जोराचं वारं सुटलं, तेव्हाही तो दिसेना, लाटांनी फोडून टाकला होता.

घरी येऊन वहीत लिहिलं. समुद्राचं गणित हेच आहे, आकडे तेवढे वेगळे. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी असला की सगळंच काळं. दहा-बाराच्या वर गेला की तेल पाण्यात घुसळलं जातं आणि फरक मिटतो. मधल्या वाऱ्यातच काळ्या डागाला काही अर्थ. त्यातही बेटाच्या आड, डोंगराच्या आड वारा अडतो. पावसाच्या सरी पडतात तिथं डाग. माशांची, शेवाळाची नैसर्गिक चिकट साय असते तिथं डाग. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात हिरवं शेवाळ फुलतं, तेव्हा तर विचारूच नका. या सगळ्यांना आमच्या शास्त्रात एकच नाव आहे, तेलासारखे दिसणारे. मी त्यांना मनात "बेशरम" म्हणायला लागले.

डिसेंबरात खरं काम सुरू केलं. नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ मधली मुंबई हायच्या बाजूची अकरा चित्रं. या काळात पाऊस नाही, वारा साधारण मधला, म्हणून हे महिने. एवढी डाउनलोड करणं मला परवडणार नव्हतं. इथं गूगल अर्थ इंजिनने वाचवलं. चित्रं त्यांच्याच संगणकांवर आहेत, स्वच्छ करून डेसिबलमध्ये ठेवलेली. आपण कोड लिहून फक्त बघायचं, आणि जो तुकडा हवा तेवढाच उतरवायचा. अभ्यासासाठी खातं मोफत आहे, प्रोजेक्ट नोंदवताना कामाचा हेतू विचारतात, तिथं विद्यार्थी म्हणून खरं खरं लिहा. जावास्क्रिप्ट मला येत नव्हती. आधीचं उदाहरण घ्यायचं, एक ओळ बदलायची, काय मोडतं ते बघायचं, असं करत तीन आठवड्यांत जमलं. आधी स्नॅपवर हात काळे केले होते त्याचा फायदा इथे झाला. नाहीतर बटण दाबलं आणि चित्र आलं, आत काय झालं ते कळत नाही.

चित्रं दोन ध्रुवणांत येतात, व्हीव्ही (लहर उभी सोडली, उभीच टिपली) आणि व्हीएच (उभी सोडली, आडवी टिपली). तेलासाठी व्हीव्हीच घ्या. व्हीएचमध्ये समुद्राकडून इतकं कमी परत येतं की यंत्राचा गोंगाटच दिसतो, आणि पट्ट्यांच्या जोडांवर उभ्या रेघा येतात. मला त्या रेघा पहिल्यांदा फार मोठा शोध वाटल्या होत्या.

मुंबई हाय रडारमध्ये बघायला मात्र सुंदर आहे. काळसर राखाडी पाण्यावर पांढरे ठिपके, रात्रीच्या शेतात बॅटऱ्या घेऊन माणसं उभी असावीत तसे. प्रत्येक चित्रात जागच्या जागी असतात ते तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म. जागा बदलतात ती जहाजं. अकरा चित्रं एकावर एक ठेवली की हलणारे कोण आणि न हलणारे कोण ते लगेच कळतं. मी सुरुवातीला एका प्लॅटफॉर्मला जहाज समजून त्याच्यामागच्या डागाबद्दल पानभर लिहिलं होतं.

आणि मग जानेवारीतली ती चूक. तिच्याबद्दल जरा नीट लिहिते, कारण ती कुणीही करेल.

अकरा चित्रांत मला सत्तावीस काळे डाग मिळाले. प्रत्येकाशेजारी त्या वेळचा वारा लिहायचा होता. वाऱ्याची माहिती ईआरए५ नावाच्या संग्रहातून मिळते, तीही मोफत, तासातासाची. साधारण तीस किलोमीटरच्या चौकटीला एक आकडा, म्हणजे जाडसर, पण काम भागतं. मी चित्राच्या नावातली वेळ घेतली, रात्री पाऊणच्या आसपासची. वारा काढला. बहुतेक ठिकाणी पाच-सहा मीटर, एकदम योग्य. सत्तावीसपैकी एकोणीस डाग "संभाव्य तेल". सरांना फोन केला. सर खूश. मी आईला सांगितलं, आईने मामाला सांगितलं.

चार दिवसांनी अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं की हा उपग्रह पहाटे आणि संध्याकाळी जातो, सहाच्या आगेमागे. मग रात्री पाऊणला कसा? उठून लॅपटॉप उघडला. नावातली वेळ जागतिक प्रमाणवेळ होती. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. म्हणजे चित्र सकाळी सव्वासहाचं. वाऱ्याची माहितीही जागतिक वेळेतच असते, तिथं मी काहीच केलं नसतं तर बरोबर आलं असतं. पण मी "शहाणपणा" करून वाऱ्यातून साडेपाच तास वजा केले होते. सगळा वारा साडेपाच तास आधीचा, मध्यरात्रीचा निघाला.

नीट वेळेचा वारा घातला आणि एकोणीसचे सात झाले. बाकीचे सगळे किनाऱ्याकडचे, पहाटेच्या पडलेल्या वाऱ्यातले. निजलेलं पाणी. त्या रात्री मला रडू आलं हे सांगायला लाज वाटत नाही. सरांना सांगायला मात्र दोन दिवस धीर होईना. सर शांतपणे म्हणाले, "हे प्रकरण लिही. चूक कशी झाली तेसुद्धा." प्रबंधातली ती सहा पानं मला सगळ्यात जास्त आवडतात.

सातांपैकी तीन आणखी गेले. एकाच्या कडा कापसासारख्या विरत गेलेल्या होत्या आणि तो एवढा मोठा होता की तेवढं तेल सांडलं असतं तर देशभर बातमी झाली असती. दोन वळणावळणाचे, प्रवाहाबरोबर नागमोडी गेलेले, नैसर्गिक साय असावी असे. उरले चार. लांब, अरुंद, कडा धारदार, आणि दोघांच्या टोकाशी पांढरा ठिपका. जहाज तळाचं तेलकट पाणी सोडत गेलं की असा शेपटा उरतो. नियमाने, मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, त्या पाण्यात दहा लाखात पंधरा भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. पण त्या दोन जहाजांनी तेलच सोडलं असं मी म्हणू शकत नाही. कोणतं जहाज होतं ते बघायची माहिती विकत घ्यावी लागते, आणि समुद्रावर जाऊन नमुना घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. खरोखरच्या कामात उपग्रहाने संशय घ्यायचा आणि तटरक्षक दलाच्या विमानाने जाऊन बघायचं, अशी पद्धत आहे. मी चारही ठिकाणी "संभाव्य" हा शब्द ठेवला. एक मित्र म्हणाला, एवढं करून चारच? आणि तेही संभाव्य? काय सांगणार.

एप्रिल कागदांचा महिना. प्रबंध ८४ पानांचा झाला. साहित्यचोरीच्या तपासणीत २३ टक्के साम्य निघालं, मर्यादा दहा. हात थरथरले. अहवाल उघडून पाहिला तर संदर्भसूची आणि मुखपृष्ठावरचा विद्यापीठाचा ठरलेला मजकूरसुद्धा मोजला होता. ते वगळायला सांगितलं की १२ झालं. उरलेलं पद्धतीच्या प्रकरणात होतं, तिथं मी वाक्यं खरंच जवळजवळ उचलली होती. पुन्हा लिहिली, ७ वर आलं. तपासणीचे दर खेपेला तीनशे रुपये, मला तीन खेपा लागल्या. बाइंडिंग चार प्रती, रंगीत पानांमुळे दर प्रतीला ६२०. रंगीत पानं मोजून द्या. रडारची चित्रं तशीही काळी-पांढरी असतात, मी उगाच चोवीस पानं रंगीत छापली.

४ मेला प्रती जमा केल्या. व्हायवाची तारीख मिळेना. "एक्स्टर्नलची (बाहेरच्या परीक्षकांची) वेळ आली की कळवू." तीन आठवडे रोज फोन.

२५ मे. आमच्याकडे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागायचा दिवस, पण त्या वर्षी आभाळ भरलेलं. मोबाइलवर बातमी आली, कोचीजवळ एमएससी एल्सा-३ हे जहाज बुडालं. ६४० कंटेनर, तेरांमध्ये घातक माल, टाक्यांत ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल. माझ्या पोटात गोळाच आला. लाजिरवाणं आहे, पण पहिला विचार केरळच्या मच्छीमारांचा नव्हता, व्हायवाचा होता. आता हेच विचारणार.

आणि तेच विचारलं. ११ जूनला सकाळी साडेदहाची वेळ दिली होती, नंबर लागला दुपारी तीनला. (डबा न्या. कँटीन बंद होतं.) एक्स्टर्नल सर वयस्कर, आवाज हळू. प्रबंध चाळला, तलावाच्या फोटोवर थांबले, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे कोचीचं जहाज. तुमच्या पद्धतीने शोधून दाखवाल?"

मी म्हटलं, "सर, आधी वारा बघेन."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. त्या वर्षी केरळात मान्सून २४ मेलाच पोचला, जहाज बुडायच्या आदल्या दिवशी. वारा जोराचा, समुद्र खवळलेला, वरून सरी. एवढ्या वाऱ्यात तेल घुसळलं जातं आणि सरींचे डाग वेगळे पडतात. म्हणून तिथं काळं दिसलं तरी मी लगेच तेल म्हणणार नाही, आणि नाही दिसलं तरी तेल नाही असं म्हणणार नाही. जानेवारीतलं एन्नोर आणि मेअखेरचं कोची यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

"तुमच्या चार डागांची खात्री किती?"

"खात्री नाही सर. संशय आहे."

ते मान हलवत काहीतरी लिहीत राहिले. शेवटी विचारलं, हैदराबादला इन्कॉइस हे समुद्राच्या माहितीचं सरकारी केंद्र आहे, ते तेल कुठे वाहत जाईल याचा अंदाज देतात, त्यांचं काम वाचलंय का. वाचलं होतं, तेवढं सांगितलं. एकूण बावीस मिनिटं. बाहेर येऊन पाणी प्यायले तेव्हा कळलं की ओढणी उलटी घेतली होती.

निकाल लागला, पास झाले. मार्क सांगत नाही, मधलेच आहेत. हिशोब मात्र सांगते, कारण मला कुणी सांगितला नव्हता. रॅम १,९००, शीर्षक बदल ५००, तपासणी ९००, बाइंडिंग २,४८०, जादा डेटाचे रिचार्ज साधारण १,६००, एसटी आणि झेरॉक्स मिळून अडीच हजारांच्या आसपास. चित्रं आणि सॉफ्टवेअर, शून्य. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज भरलाय, त्याची फी वेगळी.

चौथी प्रत घरी आली. मामा संध्याकाळी आला, हात पुसून त्याने ती उघडली, अक्षरं सोडून चित्रं बघत गेला. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या एका मोठ्या काळ्या धब्ब्यावर बोट ठेवलं.

"हे तेल होय?"

"नाही मामा. तिथं वारा नव्हता."

"मंग तेल कोनतं?"

मी पान उलटलं आणि सुईच्या टोकाने ओरखडा काढावा तशी ती बारीक रेघ दाखवली. त्याने चष्मा वर केला, पान उजेडाकडे धरलं.

"एवढूसं?"

"एवढूसं म्हणजे अकरा किलोमीटर, मामा. तेही असलं तर."